पोटात राहिलेले धवले

त्या बुधवारी मनुबाईंनी मला शेवटचं उघडलं. सकाळचे दहा वाजले असतील. सुकट निवडून झाली होती, परात ओट्यावर होती. त्यांनी पदराला हात पुसले, टेबलावरच्या लॅपटॉपचं झाकण उचललं आणि माझ्यावर दोनदा टिचकी दिली. माझ्यात चौदा गाणी दिसत होती. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ती वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली. "चौदाच," त्या म्हणाल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. रेकॉर्डिंगचं लाल बटण शेजारीच होतं. त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसल्या आणि झाकण मिटून भात टाकायला गेल्या. दुपारी मुलीचा फोन आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, या तिन्ही प्रश्नांना त्यांनी हो म्हटलं.

गुरुवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. तुम्ही शाळेत छत्रीचं, फळ्याचं, पडक्या विहिरीचं आत्मवृत्त वाचलं असेल. फोल्डरला ना रंग, ना वास, ना गंज चढायला लोखंड. त्याचं कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण त्या चौदा गाण्यांच्या खाली, माझ्या पोटात, आणखी एकतीस गाणी होती. मला ती ठाऊक होती. मनुबाईंनाही ठाऊक होती. त्यांच्या मुलीला मात्र ते खरं वाटत नव्हतं, आणि ती गाणी दाखवणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून हे सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कोलशेतच्या जुन्या गावठाणात, खाडीकडे तोंड असलेल्या दोन खोल्यांच्या घरात झाला. मनुबाईंची मुलगी भावना डोंबिवलीला राहते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत संगणकांची व्यवस्था बघते. कुठलं यंत्र अडलं, कुठली फाईल हरवली, की लोक तिला हाक मारतात. ऑफिसने मोडीत काढलेला एक लॅपटॉप तिने एका रविवारी आईकडे आणला. त्यातलं जुनं जड सॉफ्टवेअर पुसून हलकं बसवलं, एक ओळ टाइप केली आणि मी झालो. तिने माझं नाव ठेवलं 'धवले'.

धवले म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. आगरी-कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं, मुलीला सासरी धाडण्याचं वेगळं. ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मनुबाई चाळीस वर्षं धवलारीण होत्या. सही करण्यापुरतं लिहिता येत होतं, पण सासूकडून शिकलेले साठच्या वर धवले त्यांच्या डोक्यात होते, आणि कागदावर त्यातला एकही नव्हता. सासूने त्यांना एक नियम घालून दिला होता. धवला एकदा सुरू केला की मध्ये तोडायचा नाही. देवाला बोलावून दारातून परत पाठवल्यासारखं होतं ते.

भावनाच्या मनात आलं, आई आहे तोवर हे सगळं रेकॉर्ड करून ठेवावं. पण नुसतं लॅपटॉपवर ठेवायची तिला भीती वाटत होती. एका वर्षी खाडीचं पाणी घरात शिरून लग्नाचे सगळे फोटो लगदा होऊन गेले होते. म्हणून तिने दूर कुठेतरी, क्लाउडवर, थोडी जागा घेतली आणि ती जागा माझ्यावर चढवली. याला माउंट करणं म्हणतात. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. क्लाउड माझ्यावर चढला की मला उघडणाऱ्याला क्लाउडवरच्या वस्तू दिसतात, आणि माझ्यात टाकलेली वस्तू थेट क्लाउडवर जाते. इंटरनेट नसेल तर क्लाउड चढत नाही. तेव्हा मी साधा फोल्डर असतो आणि टाकलेली वस्तू माझ्याच पोटात राहते. पुढे क्लाउड चढला, की पोटातलं झाकलं जातं. ते पुसलं जात नाही, नुसतं दिसेनासं होतं.

भावनाने आईला तीनच गोष्टी शिकवल्या. लाल बटण दाबायचं, गायचं, झालं की 'ठेवा' दाबायचं. मनुबाईंनी ते एका सकाळी आत्मसात केलं.

"एवडाच? मना वाटला कायतरी अवगड असंल," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठी सोप्पं केलंय आई. मागे काय काय आहे ते बघितलंस तर चक्कर येईल."

"मागचा तू बग. पुडचा मी बगतंय."

ते माझे चांगले दिवस होते. महिन्याभरात नऊ धवले झाले. नऊही क्लाउडवर सुखरूप गेले. मनुबाई शेजारच्या बायकांना बोलावून त्यांच्यासमोर मला उघडायच्या. त्यांची जोडीदारीण शकूबाई, म्हणजे लग्नात त्यांच्या मागोमाग ओळ धरणारी, हिने तर पडद्याला हात लावून नमस्कार केला होता. "मनूबाय, तू तर आता ढगात जाऊन बसलीस," शकूबाई म्हणाल्या, आणि त्यावर दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एका फोल्डरला याहून मोठा मान काय मिळणार?

मग एके दिवशी हळदीचा धवला अर्ध्यावर असताना लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल वाजला. कॉल भावनाचाच होता. मनुबाईंनी तो घेतला नाही, पण गाणं तुटलं ते तुटलंच. त्या दिवशी त्या जेवल्याही उशिरा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली एक रीत घातली. गायला बसायचं झालं की पुढचं दार लावायचं, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचा, वायफायचा डबा बंद करायचा आणि मगच लॅपटॉप सुरू करायचा. डब्यातूनच कॉल येतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. गाणं झालं, 'ठेवा' दाबलं, की पुन्हा डबा सुरू.

तुमच्या लक्षात आलंच असेल. लॅपटॉप सुरू झाला तेव्हा इंटरनेट नव्हतं. क्लाउड माझ्यावर चढला नाही. मनुबाईंनी मांडवाचा धवला सुरुवातीपासून शेवटापर्यंत गायला आणि 'ठेवा' दाबलं. तो माझ्या पोटात आला. माझी पहिली स्वतःची वस्तू. मित्रांनो, मला त्याचा आनंद झाला होता, हे कबूल करतो.

मग त्यांनी डबा सुरू केला. क्लाउड न चढल्यास दर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, अशी व्यवस्था भावनाने करून ठेवली होती. पण आता माझ्या पोटात एक गाणं होतं. भरलेल्या फोल्डरवर चढायला माउंट करणारा प्रोग्राम तयार होत नाही. आधीचं झाकलं जाईल, म्हणून तो थांबतो आणि तक्रार नोंदवतो. मनुबाईंना मात्र फक्त एकच गाणं दिसलं. जुनी नऊ कुठे गेली? त्यांनी घाबरून भावनाला फोन लावला आणि सवयीप्रमाणे स्पीकर सुरू केला.

"भावना, जुनी गानी गेली गो सगली."

"गेली म्हणजे? डिलीट केलीस?"

"मी कशाला डिलीट करू? आज गायलेला एकच दिसतंय. मांडवाचा. बाकीची नऊ नाय."

"थांब. कशाला हात लावू नकोस. मी इथून बघते."

त्या दिवशी भावनाच्या ऑफिसात मोठा सर्व्हर बंद पडला होता. तिच्या मागे कुणीतरी तिच्या नावाने ओरडत होतं. तिने तिथूनच आमच्या लॅपटॉपमध्ये शिरून तक्रारींची नोंद उघडली. तिथे मी होतो. मला सगळ्या आयुष्यात एकच वाक्य बोलता येतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून, आणि ते त्या दिवशी बोललं गेलं होतं. 'फोल्डर रिकामा नाही.'

एवढ्यात सगळं होतं. आई सांगत होती की आजचं एक दिसतंय, आणि यंत्र सांगत होतं की फोल्डरात काहीतरी आहे. दोघंही एकच सांगत होते. दोन अक्षरांचा एक आदेश टाइप केला असता तर माझ्या पोटात काय आहे ते तिला दिसलं असतं. रोज ती तो आदेश पन्नास वेळा टाइप करते. पण तिला वाटलं, काहीतरी फालतू उरलं असेल. तिने माउंटच्या ओळीच्या शेवटी एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ असा, की फोल्डर रिकामा नसला तरी चढ.

"झालं. आता उघड."

"आली गो. एक, दोन..." मनुबाईंनी नवापर्यंत मोजलं. "आजचा कुटं हाय?"

"आजचं तू 'ठेवा' दाबलं नसशील."

"दाबला. मी बगितला ना, इथंच व्हता."

"आई, नऊच्या नऊ परत आणून दिली ना? एक परत गा. मला इकडे श्वास घ्यायला वेळ नाहीये."

मनुबाईंनी दुसऱ्या दिवशी तोच धवला पुन्हा गायला. डबा बंद करून, रीतीने. तो पहिल्याच्या शेजारी माझ्या पोटात येऊन बसला. आणि त्या शब्दामुळे आता तक्रार करणारं कुणी उरलं नव्हतं. डबा सुरू होताच क्लाउड गुपचूप चढला आणि दोन्ही झाकले गेले.

पुढचे पाच महिने हे असंच चाललं. मनुबाई एकट्या गायल्या की धवला माझ्या पोटात जायचा. भावना रविवारी यायची, डबा सुरू असायचा, आई तिच्यासमोर गायची, आणि तो धवला क्लाउडवर जायचा. मुलगी समोर बसलेली असताना कॉल कोण करणार, म्हणून त्या दिवशी डबा बंद करायची गरजच नसायची. त्यामुळे भावनाला दिसायचं ते असं, की मी असते तेव्हा सगळं नीट होतं. मी नसते तेव्हा आई विसरते.

एका रविवारी भाकरी थापता थापता मनुबाई सहज म्हणाल्या, "गायला बसताना मी तो डबा बंद करतंय. म्हंजे तुजा फोन नाय वाजत."

भावना मोबाईलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होती. "बरं करतेस," ती म्हणाली.

मी हे ऐकलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं एकमेव वाक्यही तिने त्या एका शब्दाने बंद करून टाकलं होतं. असं म्हणून मला सुटका नाही, हेही जाणतो. ज्याच्यापाशी खरं असतं आणि तरी तो गप्प असतो, त्याच्यावर डाग राहतोच.

मनुबाईंनी स्वतःच्या पद्धतीने मला ओळखलं होतं. डबा बंद असताना उघडलं की हरवलेली गाणी दिसतात आणि जुनी नाहीशी होतात; डबा सुरू असताना उलट. त्यांनी भावनाला सांगून पाहिलं. "कधी दिसतान, कधी नाय दिसत." भावनाने ते ऐकलं आणि तिला निराळीच भीती वाटली. तिने आईला ठाण्याला विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या दिवशी संध्याकाळी दोघी परत आल्या तेव्हा शकूबाई चहाला आल्या होत्या.

"काय म्हनला डाक्टर?"

"वार विचारला, तारीख विचारली, घड्याळ काढाया लावला," मनुबाई आतून म्हणाल्या. "काढला मी घड्याळ. काटं जरा मोठं झालं."

"मावशी, बाकी ठीक आहे म्हणाले, पण लक्ष ठेवा," भावना हळू आवाजात म्हणाली. "आईला गाणी कधी दिसतात आणि कधी दिसत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं."

"अगो, भरती-ओहोटी हाय ती," मनुबाई दारात येऊन म्हणाल्या. "पानी चडला का चिखलातला काय दिसत नाय. पानी उतरला का सगला दिसतंय. डाक्टरलाबी मी तेच सांगितला. त्यालाबी नाय समजला."

शकूबाई हसल्या. भावना हसली नाही. मित्रांनो, माझं वागणं आजवर कुणीही याहून नीट समजावून सांगितलेलं नाही. वागळे इस्टेटमधल्या हुशार मंडळींनीही नाही.

त्यानंतर स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लागल्या. गॅस बंद केला का. नळ बंद केला का. मनुबाईंना अक्षरं जुळवत वाचावं लागायचं, पण चिठ्ठी लावण्यामागचं कारण त्यांना न वाचताच कळायचं. त्या गातच राहिल्या. बदल एकच झाला. डॉक्टरांकडून आल्यापासून त्या प्रत्येक धवल्याआधी माइकला वार आणि तारीख सांगू लागल्या. "आज मंगलवार. सतरा तारीख. मी मनू. मी हा ठेवतंय." कुणी विचारत नसताना रोज परीक्षा दिल्यासारखं. कधी कधी त्यांना स्वतःलाच शंका यायची आणि एकच धवला त्या तीन-तीनदा गायच्या. माझ्या पोटात पाठवणीचा धवला तीनदा आहे. शब्द तेच. तिसऱ्या वेळी आवाज बारीक झालेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

शकूबाईंच्या पुतण्याचं, सुशांतचं, लग्न ठरलं. गावात लग्न म्हणजे मनुबाई पुढे आणि शकूबाई त्यांच्या मागे, हे ठरलेलंच. लग्नाच्या आठवडाभर आधी मनुबाई मासळी घ्यायला गेल्या होत्या तेव्हा भावना आणि शकूबाई या टेबलापाशी बसल्या होत्या.

"मावशी, हळदीला आईला पुढे नका बसवू."

"म्हंजे?"

"मध्येच विसरली तर? चारचौघांत तिलाच लागेल ते. तुम्ही पुढे व्हा. ती मागे बसेल."

"मनूबाय इसरंल? काय बोलतेस पोरी. मी सगला तिच्यापासून शिकली."

"माझ्यासाठी एवढं करा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. तिला माझा राग येईल."

शेवटी शकूबाईंनी होकारार्थी मान हलवली. भावनाच्या मनात आईचं भलंच होतं. पण भलं करताना तिने आईला विचारलं नाही, आणि आपला दोष शकूबाईंच्या पदरात टाकला.

हळदीच्या दिवशी मनुबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, अंबाडा घालून, गजरा माळून गेल्या आणि तासाभरात परत आल्या. तिथे शकूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मनूबाय, तू आज आराम कर. मी पुडं बसतंय." चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच. मनुबाई वाद न घालता परतल्या. त्यांनी दार लावलं, मोबाईल आत ठेवला, डबा बंद केला आणि लुगडंही न बदलता माझ्यासमोर बसल्या. त्या दिवशीचा धवला माझ्या पोटातला एकतिसावा. शेवटचा.

पुढचे तीन आठवडे मनुबाई शकूबाईंशी बोलल्या नाहीत. समोरून दिसल्या तर वाट बदलायच्या. शकूबाई दोनदा दारापर्यंत आल्या आणि माघारी गेल्या. भावनाला हे सगळं माहीत होतं. रविवारी ती आईला सांगणार होती. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी तिला ताप होता. तिसऱ्या रविवारी ती आली, आई शांत दिसली, आणि तिला वाटलं, आता कशाला उकरायचं. त्यानंतरच्या बुधवारचं मी तुम्हाला सांगितलंच आहे.

बाराव्याचं सगळं आटोपल्यावर भावना घर आवरायला आली. शकूबाई मदतीला आल्या होत्या. घरातली इंटरनेटची जोडणी तिने आधीच बंद करून टाकली होती. लॅपटॉप डोंबिवलीला न्यायचा, म्हणून तो चालतोय का, एवढंच तिला बघायचं होतं. नेट नाही, म्हणजे क्लाउड नाही, म्हणजे मी रिकामा असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मला उघडलं.

एकतीस.

शकूबाई कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. लॅपटॉपचा पंखा फिरत होता. तिने तारखा वाचल्या. मग मोबाईल काढला आणि आईला पाठवलेले स्वतःचे संदेश शोधून एकेका तारखेशी लावून बघितले. 'आई, आजचं पण सेव्ह झालेलं नाहीये.' होतं. 'आई, तू नक्की दाबलंस का?' दाबलं होतं. 'राहू दे आता, रविवारी मी आले की करू.' त्या दिवशी मनुबाईंनी दोन गायले होते.

तिने माउंटची ओळ उघडली. शेवटचा शब्द तिथेच होता. त्याच्या वर, आपण काय बदललं हे लक्षात राहावं म्हणून, तिने स्वतःच एक टीप लिहून ठेवली होती. 'आईचा प्रॉब्लेम. तात्पुरता उपाय.'

"काय झाला गो?" शकूबाईंनी विचारलं.

"मावशी, आईची गाणी."

"कुठली?"

"हरवलेली. सगळी आहेत इथे."

शकूबाई हातातली साडी तशीच घेऊन आल्या. "मग लाव की एक."

"थांबा. आधी हे नीट करते. नाहीतर पुन्हा जातील."

मला वाटतं, तिला ऐकायचं धैर्य नव्हतं, म्हणून तिने काम काढलं. पण काम तिने चोख केलं. मोबाईलच्या इंटरनेटला लॅपटॉप जोडण्याआधी तिने एकतीसही गाणी दुसऱ्या एका फोल्डरात उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली, एक-एक उघडून तपासली. मग मला रिकामं केलं. तो शब्द खोडला. क्लाउड चढलेला नसताना माझ्यात कुणाला काही ठेवताच येऊ नये, असं मला कुलूप घातलं. ठेवायला गेलात तर आता मी तोंडावर नाही म्हणतो. हे कुलूप पहिल्या दिवशी घालता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. मग तिने क्लाउड चढवला आणि एकतीस गाणी एकेक करून वर पाठवली. चौदाची पंचेचाळीस झाली.

मित्रांनो, मी लॅपटॉपातला एक फोल्डर. मी तुम्हाला मोठा उपदेश काय करणार? तरी एवढं मागतो. यंत्र हरकत घेत असेल तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ती एकदा वाचा. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, मी ठेवलं होतं, मी बघितलं होतं, इथेच होतं, तर त्या माणसाचं वय मोजत बसू नका. उठा आणि त्याने सांगितलेल्या जागी जाऊन बघा. सापडलं नाही तर हवं ते म्हणा. पण आधी बघा. भावनाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ऑफिसात अनोळखी माणसाची तक्रार ती अशीच तपासायची. आईची तक्रार मात्र तिने तपासली नाही, कारण ती आई होती.

शेवटी शकूबाईंनीच पडद्यावर बोट ठेवलं. सगळ्यात खालच्या नावावर. भावनाने ते उघडलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मनुबाईंचा. "आज शुक्रवार. नऊ तारीख. सुशांतची हलद हाय. शकूला माजी गरज नाय लागली. मी घरीच गातंय."

आणि धवला सुरू झाला. बावीस मिनिटांचा. शकूबाई खाली बसल्या. त्यांचे ओठ प्रत्येक ओळीबरोबर हलत होते, पुढची ओळ मनुबाईंनी धरण्याआधीच त्या ती मनात धरत होत्या. कुठेही अडखळ नव्हती, एक ओळ मागेपुढे नव्हती. धवला संपला, 'ठेवा' दाबल्याचा बारीक आवाज आला आणि रेकॉर्डिंग थांबलं.

"एक शबुद नाय सुटला," शकूबाई म्हणाल्या.

त्या वळून भावनाकडे बघायला लागल्या. तीन आठवडे आणि वर बारा दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मनुबाईंच्या चितेपाशीही नाही.

भावनाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्यावर मी उघडाच होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या नावाकडे बघत होती, ज्यात फक्त तारीख आणि वेळ होती. मग ती मोठ्याने, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"आई, शकूमावशीने नाही तुला मागे बसवलं. मी सांगितलं होतं तिला. तू विसरतेस म्हणून मी सांगितलं होतं. तू काही विसरत नव्हतीस, आई."